वाकड्या शिवेचा सरळ हिशोब

पंधरा ऑगस्टच्या निमित्तानं लासलगावात एका विद्वान वक्त्याचं भाषण ऐकलं. विषय होता 'आपल्या सीमा'. वक्त्यानं भिंतीला नकाशा लावला. बांगलादेशाच्या अंगावर भारताचे ठिपके, भारताच्या अंगावर बांगलादेशाचे ठिपके. म्हणाला, पूर्वी कूचबिहारचा राजा आणि रंगपूरचा फौजदार बुद्धिबळ खेळायचे नि गावं पणाला लावायचे. एक डाव हरला की चार गावं तिकडं, जिंकला की दोन गावं इकडं. म्हणून तिथली सीमा गोधडीसारखी ठिगळांची झाली.

सभा खदखदून हसली. पुढच्या खुर्च्यांवरचे कांद्याचे व्यापारी जरा जास्तच हसले, कारण त्यांच्या गाड्या त्याच सीमेवरून जातात.

मी मागं उभा होतो. आम्ही मागंच उभे असतो. मला हसू आलं नाही. गावं पणाला लावली म्हणजे काय लावलं? ढेकळं लावली? बाभळी लावल्या? दोस्तांनो, माणसं लावली. एक द्रौपदी पणाला लागली तर तुमचं महाभारत झालं. इथं गावंच्या गावं पणाला लागतात आणि त्याचा विनोद होतो. कारण त्या गावातले लोक कुणाच्या राजघराण्यातले नव्हते. नांगर धरणारे होते, ताग सडवणारे होते.

पहिली गोष्ट ही, की बुद्धिबळाची कहाणी दंतकथा आहे. आणि ती निरागस नाही. राजे लोक लहरी होते, खेळकर होते, झालं ते गमतीत झालं, असं ती सांगते. खरं काय ते ऐका. १७११ आणि १७१३ मध्ये मोगल आणि कूचबिहारचा राजा यांच्यात तह झाले. लढाई थांबली. पण ज्या जमिनीचा वसूल ज्या सरदाराच्या घशात जात होता तो त्यानं सोडला नाही. मोगलांच्या हद्दीत राजाच्या माणसांच्या जमिनी राहिल्या, राजाच्या हद्दीत मोगलांच्या शिपायांच्या. तिथं कसायला कोण आहे हे कुणी पाहिलं नाही. सारा कुणाला पोचतो तेवढं पाहिलं. म्हणजे ती ठिगळं पटावर पडली नाहीत. ती वसुलाच्या चोपडीत पडली.

पुढं इंग्रज आला, त्यानं तीच चोपडी चालवली. १९४७ मध्ये रंगपूर पाकिस्तानात गेलं, १९४९ मध्ये कूचबिहार संस्थान भारतात आलं, आणि चोपडीतल्या ओळी एका रात्रीत देशांच्या सीमा झाल्या. बांगलादेशात भारताचे १११ तुकडे, भारतात बांगलादेशाचे ५१. तिकडं त्यांना छिटमहाल म्हणतात. दहाला खाग्राबाडी नावाचं भारताचं शेत होतं, पावणेदोन एकराच्या आसपास. ते शेत बांगलादेशाच्या तुकड्यात, तो तुकडा भारताच्या तुकड्यात, आणि तो भारताचा तुकडा बांगलादेशात! जगातले नकाशेवाले ह्याला चमत्कार म्हणून दाखवत होते. चमत्कार नकाशात होता. जमिनीवर शाळा नव्हती, दवाखाना नव्हता, मतदानाचं कार्ड नव्हतं, आणि मारलं तर फिर्याद घ्यायला पोलीस नव्हता. इंदिरा गांधी आणि शेख मुजीब यांनी १९७४ मध्ये करार केला. तो अमलात यायला ३१ जुलै २०१५ ची मध्यरात्र उजाडावी लागली. एक्केचाळीस वर्षं! सुमारे ५१ हजार माणसं एवढा काळ दोन देशांच्या उंबऱ्यावर बसून होती.

कुणी म्हणेल, बंगालचं काय घेऊन बसलास? तिकडचे राजे तसलेच. आपल्या महाराष्ट्रात असलं काही नव्हतं.

नव्हतं? चला तर मग. लांब जायचं नाही. आमचा निफाड तालुका, त्याच्या शेजारचा दिंडोरी. तिथल्या डोंगरात दमणगंगा उगवते. ती गोदावरीसारखी पूर्वेला येत नाही, पश्चिमेला उतरते, सिल्वासावरून जाते आणि दमणला समुद्राला मिळते. हे सिल्वासा म्हणजे नगर हवेली. १९५४ पर्यंत आपल्या नाशिक जिल्ह्याचं पाणी तिथं परदेशात शिरत होतं. पोर्तुगालात! चारी बाजूंनी हिंदुस्थान आणि मध्ये पोर्तुगाल. त्यातही दादरा वेगळं आणि नगर हवेली वेगळी, दोघांच्या मध्ये हिंदुस्थानची पट्टी. आणि नगर हवेलीच्या पोटात मघवाल नावाचं एक गाव, ते मात्र गुजरातचं. आजही ते तसंच आहे. बंगाल्यांना हसणाऱ्यांनी आधी आपल्या परसात बघावं.

हे कुणी केलं? गोऱ्या साहेबानं नव्हे. आपल्या पुण्याच्या दरबारानं केलं. १७ डिसेंबर १७७९ रोजी पेशवे आणि पोर्तुगीज यांच्यात मैत्रीचा तह झाला. गादीवरचा पेशवा सवाई माधवराव, १७७४ चा जन्म, म्हणजे साडेपाच वर्षांचं पोर. कारभार नाना फडणविसाचा. इंग्रजांशी युद्ध पेटलेलं, तेव्हा पोर्तुगीज तिकडं फितू नयेत ही गरज. शिवाय मराठी आरमारानं त्यांचं 'सांताना' जहाज मोडलं होतं, त्याच्या भरपाईचा घोळ होता. मग काय द्यायचं? पुण्याचा वाडा द्यायचा? पर्वती द्यायची? नाही. दमणजवळची, वर्षाला बारा हजार रुपये वसुलाची गावं द्यायची. १७८३ मध्ये नगर हवेलीची ७२ गावं गेली, १७८५ मध्ये दादरा गेलं.

त्या गावांत कोण राहत होतं? वारली, कोकणा, धोडिया, काथोडी. आदिवासी. त्यांनी जहाज पाहिलं नव्हतं, मोडलं तर नव्हतंच. मोडणारे एक, भरपाई घेणारे दुसरे आणि भरपाईत गेले ते तिसरेच. पाटील गाढव हरवतो आणि दंड महाराच्या माथी मारतो, त्यातलाच हा प्रकार. फरक एवढाच की इथं दंड म्हणून पैसा मागितला नाही, माणूसच देऊन टाकला.

अभिमानाचे झेंडे मिरवणाऱ्यांनी ह्याचं उत्तर द्यावं. अटकेपार झेंडा गेला हे पोराबाळांना पाठ करून घेता. ७२ गावं बारा हजाराच्या भावानं परक्याच्या ताटात वाढली, हे कुठल्या पाठ्यपुस्तकात आहे?

पुढचा भाग तर ह्याहून झकास आहे. १९५४ च्या जुलै-ऑगस्टात स्वयंसेवकांच्या टोळ्यांनी आधी दादरा आणि मग सिल्वासा घेतलं. पोर्तुगाल हेगच्या आंतरराष्ट्रीय कोर्टात गेला: आम्हाला दमणहून आमच्या मुलखात जायला वाट द्या. आता तिथं वाद कशाचा झाला? १७७९ च्या तहाचे कागद निघाले, मराठी सनदा निघाल्या, आणि जगातले मोठमोठे न्यायाधीश जहागीर म्हणजे काय नि सरंजाम म्हणजे काय ह्याचा कीस पाडत बसले. १२ एप्रिल १९६० ला निकाल लागला. कोर्ट म्हणालं, पेशव्यानं राज्य दिलं नव्हतं, नुसता बारा हजारांचा वसूल दिला होता. सार्वभौमत्व मराठ्यांकडंच राहिलं होतं. पण १८१८ नंतर इंग्रजांनी पोर्तुगीजांनाच धनी मानलं, म्हणून पोर्तुगीज धनी झाले. साध्या माणसांना आणि मालाला वाट होती, फौजेला नि हत्याराला नव्हती, आणि १९५४ मध्ये भारतानं वाट अडवली त्यात काही चुकलं नाही.

समजलं? खाता खाता मालक झाला. कुळाकडून अर्धेली घेणारा सावकार जसा एके दिवशी उताऱ्यावर चढतो, तसा एक देश दुसऱ्या देशाच्या पोटात उताऱ्यावर चढला. आणि पावणेदोनशे वर्षांनी हेगला जो खल झाला तो बारा हजार रुपये कोणत्या खात्यावर मांडायचे ह्याचा. ते बारा हजार ज्यांच्या घामातून निघत होते त्यांचं खातंच नव्हतं. ११ ऑगस्ट १९६१ ला तो मुलूख भारतात आला. त्यासाठी बदलानी नावाच्या सरकारी अधिकाऱ्याला एका दिवसाचा पंतप्रधान केलं, कारण नेहरूंबरोबर करारावर सही करायला समोर कुणीतरी 'प्रधान' पाहिजे. एक दिवसाचा का होईना, वारली पंतप्रधान करावा असं कुणाला सुचलं नाही.

ह्याच चोपडीचं पुढचं पान १९४७ चं. सिरिल रॅडक्लिफ नावाचा वकील ८ जुलैला हिंदुस्थानात उतरला. त्याआधी त्यानं हा देश पाहिला नव्हता. पाच आठवड्यांत त्यानं पंजाब आणि बंगाल चिरले, आणि रेघ कुठं पडली ते लोकांना कळलं १७ ऑगस्टला, स्वातंत्र्याचे पेढे खाऊन झाल्यावर. हे सगळे सांगतात. न सांगितलेलं मी सांगतो. बाबासाहेब १९४६ मध्ये घटना समितीत गेले ते मुंबईतून नव्हे, बंगालमधून. बारिसालच्या जोगेंद्रनाथ मंडलांनी आणि तिथल्या दलित आमदारांनी त्यांना निवडून दिलं. बंगालची फाळणी झाली आणि ती जागा गेली. ज्या नामशूद्रांनी बाबासाहेबांना घटनेच्या दारात नेऊन पोचवलं ते रेघेच्या पलीकडं पडले. मंडल पाकिस्तानचे पहिले कायदेमंत्री झाले आणि १९५० मध्ये राजीनामा देऊन त्यांना इकडं यावं लागलं.

आणि सिंधमधले भंगी? सगळ्यांना जायला मोकळीक होती, त्यांना नव्हती. त्यांचं काम म्हणे अत्यावश्यक सेवा! कराचीचे संडास कोण साफ करणार? डिसेंबर १९४७ मध्ये बाबासाहेबांनी नेहरूंना पत्र लिहून हे गाऱ्हाणं मांडलं. बघा, केवढी मोठी गोष्ट आहे. धर्माच्या नावानं देश तुटला, लाखो माणसं कापली गेली, पण विष्ठेच्या टोपलीला धर्म नव्हता. ती उचलणारा दोन्ही देशांना हवा होता, फक्त माणूस म्हणून नको होता.

आता माझ्या घरी या.

माझा पणजा येसकर होता. वेस राखायची, रात्रीची हाळी द्यायची, सरकारी पट्टीचा पैका डोक्यावर वाहून खजिन्यात पोचवायचा, मेलेलं ढोर ओढायचं, मर्तिकाचा सांगावा घेऊन गावोगाव पळायचं. आणि एक काम, ज्याच्याबद्दल आमचे लेखकही फार बोलत नाहीत: शीव सांभाळायची. शिवेचा दगड कुठला, ओढा कुठं वळतो, कुठल्या बांधापासून परगाव सुरू होतं, हे सगळं महाराच्या डोक्यात. दोन गावांत शिवेचा तंटा पडला की महाराची साक्ष. त्यानं शपथ घेऊन शीव चालून दाखवायची. तो चालेल ती शीव. इंग्रजांनी १८३६ मध्ये इंदापुराकडून जमिनीची मोजणी सुरू केली, मग ती गावोगाव आली. आमच्या घरात सांगत आलेत, येसकर पुढं आणि मोजणीदाराची साखळी मागं.

आणि हा शीव चालणारा, ज्याच्या पावलांनी गावाचा नकाशा झाला, तो राहायचा कुठं? वेशीबाहेर! ज्याला सीमा तोंडपाठ तोच सीमेबाहेर. चारी बाजूंनी गावाचं शिवार, मध्ये महारवाडा. पाणी गावाचं, विहीर गावाची, वाट गावाची, आणि जायला परवानगी मागायची आम्ही. दोस्तांनो, छिटमहाल म्हणजे दुसरं काय असतं? ते १६२ होते म्हणून जग बघायला गेलं. आमच्या महाराष्ट्रात गाव तिथं एक आहे. बंगालचे छिटमहाल वसुलाच्या चोपडीनं पाडले, आमचे पोथीनं पाडले. चोपडी निदान मिटवता येते. पोथी म्हणे अपौरुषेय!

म्हणून मी म्हणतो, वाकडी सीमा ही गंमत नाही, चूक नाही, अपघात नाही. ती वरच्यांचा आपसातला सरळ सौदा असतो. सौद्यात आपण विकणारेही नसतो, घेणारेही नसतो. आपण माल असतो. रेघ जिथं जास्त वाकडी दिसेल तिथं समजा, कुणीतरी आपला वाटा वाचवण्यासाठी ती वाकवली आहे.

आणि आपल्यातले काही भाऊ आहेत, त्यांनाही दोन शब्द. सीमेचा नारा कुणीही दिला की तुमच्या मुठी आवळतात. बेळगाव घ्या. १९५६ मध्ये ते म्हैसूर राज्यात गेलं, १९६७ मध्ये महाजन आयोगाचा अहवाल आला, २००४ मध्ये महाराष्ट्र सुप्रीम कोर्टात गेला. मराठी माणसाच्या भाषेचा हक्क मलाही मान्य आहे, मी मराठीतच कविता लिहितो. पण बेळगावची पाटी कुठल्या लिपीत असावी ह्यावर डोकी फुटतात, तेव्हा त्याच पाटीखालची गटार कोण उपसतो हे कधी विचारलंत? तो मराठी बोलला तरी गटारीत आणि कानडी बोलला तरी गटारीत. बाबासाहेबांनी १९५५ मध्येच भाषावार राज्यांवर लिहिताना इशारा दिला होता, की भाषेचं राज्य म्हणजे त्या भाषेतल्या मोठ्या जातीचं राज्य होऊन बसेल, लहानांच्या संरक्षणाचं आधी बघा. ते पुस्तक वाचा आणि मग घोषणा द्या.

हे सगळं आज का लिहितो? कारण माझ्या आईच्या हातात एक नोटीस आहे.

२०२२ च्या ऑक्टोबरात उच्च न्यायालयानं गायरानावरची अतिक्रमणं काढायचा आदेश दिला आणि महाराष्ट्रभर नोटिसा निघाल्या. पुढं सरकार नरमलं, गोष्टी थंडावल्या, पण कागद काही मेला नाही. आमच्या वस्तीलाही एका कार्यालयाचा कागद आला: आपण सरकारी जागेवर अतिक्रमण केले आहे. मी त्या कार्यालयात गेलो. नकाशा पाहिला. गावठाणाची रेघ आमच्या आळीच्या अलीकडं वळते. सरळ येता येता एकदम कोपर मारल्यासारखी वळते, आळी बाहेर टाकते आणि पुन्हा सरळ जाते. मी म्हटलं, साहेब, ही रेघ इथं वाकडी का? साहेब म्हणाले, जुनी आहे, तशीच चालत आलीय.

तशीच चालत आलीय! नगर हवेली तशीच चालत आली होती. छिटमहाल तसेच चालत आले होते. पण साहेब, ही रेघ चालत आली नाही. ती माझ्या पणज्याच्या पायांनी चालवली आणि त्यालाच बाहेर ठेवून तुम्ही मिटवून घेतली.

मी गोदीत कंटेनर भरतो. कधी कधी त्यात आमच्या लासलगावचाच कांदा असतो, गोणीवरची खूण ओळखतो मी. तो कोलंबोला जातो, दुबईला जातो. त्याच्याबरोबर कागद असतो: कुठला, किती, कुणाचा. ८ डिसेंबर २०२३ ला सरकारनं कांद्याची निर्यात बंद केली, तर लिलाव बंद पडले, रस्ते अडले, देशभर बोंब झाली. शेतकऱ्याचं मरण होतं ते, बोंब रास्तच होती. पण कांदा पाच महिने सीमेवर अडला तर देशाला कळतं. आमची आळी किती पिढ्या सीमेवर अडलीय हे तलाठ्यालाही माहीत नसतं. कांद्याला परदेशाचा परवाना आहे, माझ्या आईच्या घराला उतारा नाही.

रडगाणं नको. मला २०१५ मधली एक गोष्ट महत्त्वाची वाटते. छिटमहाल मोडले तेव्हा तीनशे वर्षांत पहिल्यांदा तिथल्या माणसांना विचारलं, तुम्हाला कोणता देश पाहिजे? बांगलादेशातल्या भारतीय तुकड्यांत ३७ हजार माणसं होती. त्यातली हजाराच्या आतच भारतात आली. बाकीची आपल्या घराला, आपल्या शेताला धरून राहिली. विद्वान बुचकळ्यात पडले. मला त्यात नवल वाटत नाही. माणसाला आधी चूल लागते, अंगण लागतं. देश त्या अंगणापासून सुरू होतो. आणि एवढंच केलं, नुसतं विचारलं, तर तीन शतकांची वाकडी सीमा एका रात्रीत सरळ झाली.

तर आम्हालाही विचारा. नाही विचारलंत तर आम्ही विचारतो. दादासाहेब गायकवाड ह्याच नाशिक जिल्ह्याचे, दिंडोरीचे. त्यांनी १९५९ मध्ये आणि पुन्हा १९६४-६५ मध्ये भूमिहीनांचा सत्याग्रह केला, माणसांनी तुरुंग भरले. त्याच रेट्याची आठवण होती म्हणून १९९१ मध्ये सरकारला भूमिहीनांची १९९० पर्यंतची गायरानं कसण्यासाठी नियमित करायचा निर्णय घ्यावा लागला. निर्णय कागदावर आहे. आम्हाला जमिनीवर पाहिजे. म्हणून:

एक, मोजणी आमच्यासमोर झाली पाहिजे. पूर्वी येसकर पुढं चालायचा, आताही आम्हीच पुढं चालणार.

दोन, गावठाणाची रेघ आमच्या आळीच्या पलीकडून गेली पाहिजे. घर बाईच्या नावानं झालं पाहिजे.

तीन, कोणत्याही वस्तीला नोटीस देण्याआधी ती वस्ती गावाबाहेर कुणी आणि का ठेवली, ह्याचं उत्तर नोटीस देणाऱ्यानं लेखी द्यावं.

लासलगावपासून येवला हाकेच्या अंतरावर आहे. १३ ऑक्टोबर १९३५ ला बाबासाहेबांनी तिथं जाहीर केलं, की जन्म माझ्या हातात नव्हता पण हिंदू म्हणून मरणार नाही. त्या दिवशी त्यांनी जगातली सगळ्यात जुनी सीमा ओलांडली. कुणाचा परवाना न घेता, कुठल्या हेगच्या कोर्टात वाट न मागता.

पुढच्या पंधरा ऑगस्टला तो वक्ता पुन्हा येईल. नकाशा लावेल, बुद्धिबळाची गोष्ट सांगेल. ह्या वेळी आपण मागं उभं राहायचं नाही. पुढं जायचं, त्याच्या नकाशावर आपल्या आळीचा नकाशा लावायचा आणि विचारायचं, गुरुजी, हा डाव कुणी मांडला होता? आणि प्यादी पट सोडून उठली तर तुम्ही खेळणार कशानं?

जयभीम!